चादरीचं दुसरं टोक

मंगळवार, ५ नोव्हेंबर

वहिनी,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही ते शेवटी ठरवीन म्हणून जागा सोडली आहे. त्या कोऱ्या जागेचा अर्थ लावत बसू नकोस.

पत्राचं कारण एवढंच की शेकायच्या रबरी पिशवीचं झाकण सापडत नाही. पिशवी आहे, तिच्यावर तू शिवलेली लोकरीची खोळ आहे, झाकण तेवढं नाही. सगळं घर पालथं घातलं. पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला, कारण तुझा काही नेम नाही, तू एकदा कात्री पलंगाखालच्या चपलेत ठेवली होतीस. थंडी सुरू झाली आहे आणि माझा गुडघा कुरकुरायला लागला आहे. जाताना तुझ्या सामानात झाकण गेलं असेल तर पाठव. नसेल गेलं तर राहू दे, मी काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून घेते. ती एक दिवस अंथरुणात फुटेल, पण त्याचं तुला काय.

बाकी सगळं ठीक आहे. स्वयंपाक मीच करते. दोघींचं माप हाताला इतकं बसलंय की रस्सा रोज उरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाढून घेते. तुझ्यासारखं कांदा लाल होईस्तोवर चुलीपाशी उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही. शेजारणीचं मांजर तुझ्या खिडकीत येऊन बसतं आणि माझ्याकडे असं बघतं, जसं काही मीच तुला घराबाहेर काढलं.

काढलं नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. तू आपणहून माहेरी गेलीस. दार वाऱ्यानं आपटलं.

आपल्या लाँड्रीतल्या चिमणीला हॉस्पिटलातून घरी सोडलं. भाजलेल्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

झाकणाचं बघ.

ताई


सोमवार, १८ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं उत्तर नाही. फोन का करत नाही असं शेजारीण विचारत होती. फोनवर तू 'हं' म्हणशील, मी 'हं' म्हणीन, आणि दोघी फोन कानाला लावून बसून राहू. कागदावर निदान मला कुणी मध्ये तोडत नाही.

लाँड्रीतली नवी बातमी सांगते. तू गेल्यापासून घडीच्या टेबलाशी माझ्यासमोर कुणाला उभं करायचं हा प्रश्न होता. आपल्या मुकादमानं तो दोन खिळ्यांत सोडवला. माणसं कमी आहेत म्हणाला, हातोडी घेऊन आला आणि तू उभी राहायचीस तिथे मागच्या भिंतीत, खांद्याच्या उंचीवर, दोन खिळे ठोकले. चादरीची दोन टोकं खिळ्यांना अडकवायची, दोन मी धरायची, ताणायची, झटकायची आणि घडी घालत पुढे जायचं. पूर्वी आपण दोघी एकमेकींकडे चालत यायचो. आता मी दिवसभर भिंतीकडे चालत जाते.

काम होतं, नाही असं नाही. खिळे दमत नाहीत, पाणी प्यायला जात नाहीत, मी काही लागट बोलले तर तोंड फुगवून बसत नाहीत. मुकादम खूश आहे. मीही खूश आहे असं त्याला सांगितलंय, कारण त्याच्यासमोर रडगाणं गायची माझी तयारी नाही.

फक्त एक अडचण आहे. शेवटच्या घडीला 'बरं होऊ दे' म्हणायची सवय अजून जात नाही. सवय तूच लावलीस. आपण ज्याच्या चादरी धुतो त्या हॉस्पिटलात तुझा नवरा पडून होता तेव्हा, आपल्या हातातली कुठली चादर माझ्या भावाच्या अंगाखाली जाईल हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून तू प्रत्येक चादरीला म्हणायला लागलीस. तो बरा झाला नाही. तू म्हणायची थांबली नाहीस. मी चिडून म्हटलं होतं, आता कशाला? तू म्हणालीस, "ताई, आता दुसऱ्या कुणाचा तरी असेल ना."  पुढे मीही म्हणायला लागले. मी 'बरं होऊ दे' म्हणायचं, तू पलीकडून 'होऊ दे' म्हणायचं, हात हाताला लागला की चादर तुझ्याकडे द्यायची. हळूहळू टेबलावरच्या सगळ्याच बायका म्हणायला लागल्या. नव्या आलेल्या पोरींना वाटतं ही लाँड्रीची जुनी रीतच आहे.

आता मी म्हणते आणि भिंत गप्प. ते वाक्य अर्धंच राहतं, आणि दिवसभर अर्धं बोलून बोलून माणूस फार थकतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

फाटक्या चादरींची तुझी गोधडी अर्धी टाचून खुर्चीवर पडली आहे. सुई तशीच आहे तिच्यात. मी हलवली नाही, टोचेल म्हणून.

झाकण मिळालं का, एवढं तरी कळव.

ताई


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वहिनी,

झाकण पोचलं. मोज्यात गुंडाळून, खोक्यात घालून, वरून सुतळीनं बांधून. चिठ्ठी नाही. मोजा उलटा करून पाहिला, खोक्यातले कागद झटकून पाहिले, नाही म्हणजे नाही. बरं. माझी पत्रं तुला मिळतात आणि तू ती वाचतेस, एवढं कळलं. तेव्हा आता खरं कारण लिहिते. झाकण हवंच होतं, पण झाकणासाठी मी दोन दोन पानं भरत नाही, हे तुलाही कळलं असेल.

वीस डिसेंबरला चिमणीच्या अपघाताची चौकशी आहे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा ओळीनं लिहिते, म्हणजे ताईनं नीट सांगितलं नाही असं पुढे व्हायला नको. चादरींना इस्त्री होते त्या वाफेच्या रोलरपुढची ती आडवी दांडी, जिच्यामुळे हात आत जात नाही, ती चिमणीनं स्वतःच काढली असं कंपनीचं म्हणणं आहे. काम लवकर उरकावं म्हणून काढली म्हणे. तसं ठरलं तर तिची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर कंपनीनं दिलेली खोलीही जाणार. म्हाताऱ्या आईला घेऊन ती त्या हाताने कुठे जाणार, ते कंपनीनं लिहिलेलं नाही.

दांडी मुकादमानं काढली. हॉस्पिटलची गाडी दारात उभी होती, चादरी संपत नव्हत्या, आणि दांडी असली की चादर सावकाश सरकवावी लागते. मी वाळवणीच्या खोलीत होते. बाकीच्या बायका धुवायच्या यंत्रांमागे. रोलरच्या समोर, घडीच्या टेबलाशी, तू एकटी होतीस. त्याच्या हातातला पाना तू पाहिलास. हे मला दुसऱ्या कुणी नाही, तूच सांगितलंस, त्याच संध्याकाळी, पदराने डोळे पुसत.

आणि पुढच्या रविवारी तू त्याच्याबरोबर बाकावर जाऊन बसलीस.

वहिनी, मी काही देव न मानणारी बाई नाही. प्रार्थनाघरातला खिडकीखालचा तो बाक मी लहानपणापासून बघते आहे. भांडलेली दोन माणसं येऊन बसतात, एक आपली चूक हळू आवाजात कबूल करतो, दुसरा 'सोडलं' म्हणतो, आणि बाकावरचं बाकावर राहतं, पुन्हा कुठे काढायचं नाही. चांगली रीत आहे. त्या बाकानं कितीतरी घरं मोडता मोडता वाचवली. मुकादम रडला, खरोखरच रडला, मी लांबून पाहिलं. त्याच्यावर वरच्या साहेबांचा दट्ट्या, त्यालाही पोरंबाळं आहेत. तुझं मन लोण्याचं, तू 'सोडलं' म्हणून मोकळी झालीस. पण भाजला कुणाचा हात? चिमणी तेव्हा हॉस्पिटलात तळमळत होती, बहुतेक आपणच घडी घातलेल्या चादरीवर. तिला न विचारता तू तिच्या वतीनं माफी देऊन टाकलीस. शेजारणीची वस्तू उचलून दान करावी, तसं झालं हे.

हेच मी तुला तेव्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. तू म्हणालीस, "देवानं पाहिलंय ताई, तेवढं पुरे." अगं, देव चौकशीला येऊन सही करणार आहे का? त्यानं पाहिलं म्हणून तर कुणाला तरी दाखवलं. तुला दाखवलं.

मध्यंतरी माझ्या डोक्यात आलं, आपणच सांगून टाकावं की मी पाहिलं. पाना, दांडी, सगळं. तुझ्याकडून ऐकलंय, तपशील तोंडपाठ आहे. चिमणीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "नको ताई. खोटं बोलून राखलेल्या खोलीत मला झोप लागायची नाही. आणि तुम्हाला तर खोटं बोलताच येत नाही, कान लाल होतात." आरशात पाहिलं, खरंच होतात.

म्हणून तुला लिहिते आहे. सकाळची बस पकडलीस तर चौकशीच्या वेळेला पोचशील. घरी उतरायचं की नाही ते तुझं तू बघ. अंथरूण आहे. मी आग्रह करणार नाही.

पिशवी छान शेकते. कालपासून गुडघा बरा आहे.

ताई


सोमवार, ९ डिसेंबर

वहिनी,

तू गप्पच. म्हणून मी गुरुजींकडे गेले. प्रार्थनाघर झाडून झालं होतं, ते एकटेच बसले होते. विचारलं, बाकावर दिलेला शब्द मोडता येतो का? म्हणाले, "जे दोघं बसले होते, तेच पुन्हा बसले तर." म्हटलं, एक परगावी जाऊन बसली आहे आणि दुसरा आपणहून बसणार नाही, त्याला हे सोयीचंच आहे. गुरुजी चष्मा पुसायला लागले. गुरुजी चष्मा पुसायला लागले की समजावं, त्यांच्याकडचं उत्तर संपलं.

तिथून चिमणीकडे गेले. आम्ही बायका आळीपाळीने तिच्याकडे जेवण नेतो. परवा माझी पाळी होती, मी रस्सा आणि पाव नेला होता. तिला भरवून घ्यायची भारी लाज वाटते, म्हणून मी दुसरीकडे बघत चमचा पुढे करते आणि ती दुसरीकडे बघत खाते. खाता खाता मी तिला बाकाचं सांगितलं. वहिनी, तिला माहीतच नव्हतं! लाँड्रीतल्या एकूण एक बाईला माहीत, गुरुजींना माहीत, मुकादमाच्या बायकोला माहीत, आणि जिचा हात तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती चमचा तोंडात घेऊन तशीच बसली. मग हसायला लागली. म्हणाली, "प्रकरण मिटलं म्हणता? माझी तर बोटंसुद्धा मिटत नाहीत." हसता हसता रडली, आणि तिची आई आतून विचारायला लागली, काय झालं, काय झालं. आम्ही सांगितलं, रस्सा तिखट झाला.

काल रविवार होता. मी आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. शेजारची तुझी जागा रिकामी असते. कुणी बसायला आलं की मी तिथे माझी पिशवी ठेवते, मग लोक पुढे सरकतात. प्रार्थना संपली, माणसं उठायला लागली, तेवढ्यात चिमणी उठून बाकावर जाऊन बसली. हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, मांडीवर. एवढीशी बाई, पाय जमिनीला टेकत नव्हते. म्हणाली, "मुकादम, या."

बाकावर बोलावलं की नाही म्हणता येत नाही, ती रीत आहे. तो आला. तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. लोक मागे वळून बघत उभे राहिले. बाकावर नेहमी कुजबुजतात, तुला माहीतच आहे. चिमणी मोठ्यानं बोलली.

"तुम्ही दांडी काढलीत, माझा हात गेला. मी सोडलं. मी, मुकादम. माझं मी सोडलं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, देवाशपथ. आता वीस तारखेला जे झालं ते तुम्ही सांगा."

मुकादम खाली बघत म्हणाला, "चिमणे, माझी नोकरी जाईल गं."

"माझी तर जातेच आहे. माफ केलं म्हणजे झालं ते झालंच नाही, असं होतं का?"

त्यानं टोपी काढून शेजारी ठेवली. मला वाटलं, बोलेल. मग उठला आणि निघून गेला. टोपी बाकावरच राहिली त्याची. गुरुजींच्या हातात चष्मा होता, पण ते पुसत नव्हते.

चिमणी आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बाकावरचं मी बाहेर काढलं. माझं होतं, मी काढलं. आता कुणी कुणाच्या शब्दात अडकलेलं नाही." मग मला हाक मारून म्हणाली, "वहिनींना लिहा ताई. माझा त्यांच्यावर राग नाही म्हणावं. माझ्यासाठी रडल्या असतील त्या, मला माहीत आहे. पण नुसतं रडू नका म्हणावं, या."

जसं सांगितलं तसं लिहिलं. माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही.

तू आलीस की काय जेवशील, असा विचार उगाच डोक्यात येतो. येणार आहेस की नाही तेच माहीत नाही, आणि मी कांद्यांचा विचार करते आहे. घरात एकटं राहिलं की असं होत असेल.

ताई


शनिवार, २१ डिसेंबर

वहिनी,

तू अजून प्रवासाच्या शिणातून उठलीही नसशील, आणि मी इकडे कागद घेऊन बसले आहे. काल समोर होतीस तेव्हा बोलता आलं नाही, ते लिहिते.

तू दार उघडून आत आलीस तेव्हा माझी साक्ष नुकतीच झाली होती. मी काय सांगणार? वाळवणीच्या खोलीत होते, किंकाळी ऐकली, धावत आले. त्याआधी मुकादम सांगून गेला होता की दांडी कुणी काढली ते त्याला माहीत नाही. सांगताना सारखा खिडकीबाहेर बघत होता. चौकशीचे साहेब कागद आवरायला लागले होते. चिमणी तिचा हात धरून बसली होती. मी मनात म्हटलं, संपलं. आणि दार वाजलं, आणि माझ्या भावाचा करडा स्वेटर आत आला. आधी मला स्वेटरच दिसला, खरं सांगते.  मग त्यात तू दिसलीस. वाळली आहेस.

तू एकही शब्द गिळला नाहीस. "पाना त्यांच्या हातात होता. दोन्ही बाजूंचे बोल्ट काढून त्यांनी दांडी भिंतीशी ठेवली. चिमणी म्हणाली, मुकादम, हात जाईल. ते म्हणाले, आजच्या दिवस सांभाळून कर." हे 'सांभाळून कर' तू मलासुद्धा सांगितलं नव्हतंस. साहेबांनी विचारलं, मग इतके दिवस गप्प का होता? तू चिमणीकडे बघून म्हणालीस, "मला वाटलं मी माफ करते आहे. मी नुसतीच गप्प बसले होते."

मुकादमानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून म्हणाला, "बाई खरं सांगते आहे." तोही सुटला बघ एकदाचा. मला त्याची दया यायला नको होती, आली.

आणि मग बाहेर, बसथांब्यावर, आपण दोघी. इतक्या दिवसांनी समोरासमोर. मी किती काय काय ठरवून ठेवलं होतं. तू सामानाची पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि विचारलंस, "झाकण बसतं ना ताई? गळत नाही ना?" मी म्हटलं, "नाही गळत." तू म्हणालीस, "चारची बस आहे." मी म्हटलं, "हो, वेळेवर येते ती." आणि ती मेली खरंच वेळेवर आली. एरवी कधी येत नाही.

घरी काय होतं ते आता ऐक. सकाळी कामाला दांडी मारून मी रस्सा केला होता. कांदा लाल होईस्तोवर चुलीपाशी उभी राहिले, एकदाही हलले नाही. तुझ्या अंथरुणावर धुतलेली चादर घातली होती. गोधडी मी पुरी केली आहे. टाके माझे आहेत, म्हणजे पोतं शिवल्यासारखे, तू बघून हसशील. गरम पाण्याची पिशवी भरून तुझ्या पायथ्याशी ठेवून निघाले होते, परत येईपर्यंत गादी उबदार राहावी म्हणून. तू बसमध्ये चढत होतीस तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, की घरी चल, जेवून जा. चार शब्द. शेजारणीला मी रोज म्हणते, मांजरालासुद्धा म्हणते. तुला म्हणता आलं नाही. तू पायरीवर थांबलीस, मागे वळून पाहिलंस, आणि मी तुला पोचल्यावर कळव असं म्हटलं. परक्या माणसाला सांगावं तसं.

घरी आले तर पिशवी गार झाली होती. दोन ताटं मांडलेली होती. दोन्ही ताटांतलं मीच जेवले, टाकायचं कसं? रस्सा चांगला झाला होता. त्यामुळे जास्तच रडू आलं.

त्या दिवशी वारा नव्हता, वहिनी. दार मीच आपटलं.

ताई


सोमवार, ६ जानेवारी

प्रिय वहिनी,

लिहिलं एकदाचं. शाई जरा पसरली आहे, कारण पेन टेकवून बराच वेळ बसले होते.

निकाल आला. चिमणीवरचा ठपका पुसला गेला. खोली राहिली, नोकरी राहिली, हात सुधारेपर्यंत बसून करायचं काम मिळालं. रोलरपुढची दांडी परत बसवली, या वेळी असे बोल्ट लावलेत की पान्यानं निघायचे नाहीत. चादरी सावकाश येतात आणि हॉस्पिटलची गाडी दारात ताटकळत उभी राहते. उभी राहू दे. मुकादमाला काढलं. त्याच्या वरच्या साहेबांना कुणी काही विचारलं नाही, म्हणून आम्ही बायकांनी मिळून एक अर्ज केला आहे, तो वेगळा विषय. मुकादम रविवारी येतो, शेवटच्या रांगेत बसतो. टोपी त्याला चिमणीनंच परत दिली. ती त्याची विचारपूस करते. मी अजून करत नाही. मी चिमणी नाही.

आता घडीच्या टेबलाचं सांगते. आज दुपारच्या सुट्टीत मी पक्कड मागून आणली आणि भिंतीतले दोन्ही खिळे उपटले. एक लगेच निघाला, दुसऱ्यानं घाम काढला. बायका डबे उघडून बघत बसल्या होत्या, एकीनेही 'काय करता' म्हणून विचारलं नाही. चिमणी तेवढी म्हणाली, "सावकाश ताई, हात जपा."

सुट्टी संपली. नवा मुकादम आला. तरुण आहे, आवाज चांगला आहे, अजून वापरायची जागा कळलेली नाही त्याला. माझ्या हातात चादरीची दोन टोकं, बाकीची चादर जमिनीवर. ओरडला, "खिळे कुठे गेले? आता घडी कशी घालणार तुम्ही?"

म्हटलं, "दोघींनी घालायची असते."

"दुसरी कुठाय?"

"माझी वहिनी आहे. येते आहे."

"कधी?"

म्हटलं, "बस वेळेवर आली तर या आठवड्यात."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझे कान लाल झाले असणार, कारण चिमणीनं पटकन मान फिरवली आणि खोकल्यासारखं केलं. त्यानं आठवडाभर वाट बघतो म्हटलं.

तुला माहीत आहे, मला खोटं बोलता येत नाही. मला खोट्यात पाडू नकोस.

तुझी,
ताई